वगळलेले महिने

रंगाच्या कारखान्यात डबे भरायची लाइन सकाळी सुरू होते, तेव्हा पहिला डबा कधीच वजनाला बरोबर भरत नाही. नळीत हवा अडकलेली असते, धार सारखी पडत नाही. संध्याकाळी लाइन बंद होताना शेवटचा डबाही तसाच, अर्धामुर्धा. म्हणून तपासनीस पहिला आणि शेवटचा डबा बाजूला काढतो आणि मधल्यांवरून निकाल देतो. कारखान्यात ही रीत बरोबरच आहे. या तपासनिसाने ती घरी आणली.

त्याची बायको टॉवर क्रेन चालवायची. सात वर्षं तिने खाली उभं राहून वरच्या चालकाला हातांनी खुणा केल्या होत्या, मग शिकाऊ म्हणून केबिनमध्ये चढली, मग बदली चालक झाली. आता एका उंच इमारतीच्या साइटवर तिला पहिल्यांदाच मुख्य चालकाची खुर्ची मिळाली होती, तीही चाचणीवर. सर्वांत वरचा स्लॅब टाकून होईपर्यंत निभावलं तर खुर्ची कायमची. खाली भार बांधणारे तिला घार म्हणत, कारण वरून तिला सगळं दिसायचं. कोण बिडी ओढतोय तेसुद्धा.

घरात एक सहा वर्षांची मुलगी होती. दुसरं मूल नको, निदान आत्ता नको, यावर नवराबायकोचं एकमत होतं. प्रश्न होता तो कसं टाळायचं याचा. गोळ्यांनी तिला भोवळ यायची. जमिनीवर भोवळ आली तर माणूस खाली बसतो. वर केबिनमध्ये असताना, हुकाला सळयांचा भारा लटकत असताना भोवळ आली, तर खालचं कुणीतरी कायमचं बसतं. तांबी बसवून पाहिली, तर अंगावरून जाणं थांबेना, काढावी लागली. कंडोमचं नाव काढलं की तपासनीस म्हणायचा, "मोजे घालून पाय धुवायचे का?"

मग तोच म्हणाला, "मी मोजतो. दिवसभर दुसऱ्यांचं मोजतो, घरचं एक मोजायला काय जातंय?"

पद्धत तशी जुनी आहे. दोन पाळ्यांमधलं अंतर दर वेळी टिपायचं, त्यावरून गर्भ राहण्याचा काळ कोणता याचा अंदाज बांधायचा आणि तेवढे दिवस एकमेकांपासून लांब राहायचं. पाळी आली की ती फक्त "आली" म्हणायची. बाकीचं तो बघायचा. वर्षभराने त्याने आलेखाच्या कागदावर सगळे ठिपके मांडले, खाली-वर लाल रेघा मारल्या आणि कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. दोन ठिपके रेघांच्या बाहेर पडले होते. साइटवर रात्रपाळी लागली होती तेव्हा पाळी फार लवकर आली होती. तिचे वडील गेले त्या सुमाराला फार उशिरा. तपासनिसाने दोन्हींवर फुली मारली.

"हे रद्द कसे? आले होते की ते महिने."

"आले होते गं. पण ते तुझे नेहमीचे नाहीत. पहिला आणि शेवटचा डबा आम्ही धरतो का?"

"म्हणजे मी लाइन?"

"नीट चाललीस तर उत्तम लाइन."

तेव्हा ती हसली. पुढे त्या घरात बराच काळ कुणी हसलं नाही.

*

साइटवर पुन्हा रात्रपाळी लागली आणि संपली, त्यानंतरच्या महिन्यात पाळी आलीच नाही. सुटीच्या दिवशी सकाळी ती न्हाणीघरातून चाचणीची पट्टी घेऊन बाहेर आली आणि तिने ती नवऱ्याच्या चहाच्या कपाशेजारी ठेवली. समोर सासूबाई लसूण सोलत बसल्या होत्या. मुलगी शेजारी खेळायला गेली होती.

"हे काय?"

"तुझा निकाल."

तपासनिसाने पट्टी उचलली, उजेडाकडे धरली, उलटी करून पाहिली. "शक्य नाही."

"दोन रेघा आहेत. मोज."

"शक्य नाही म्हटलं ना. ते दिवस सुरक्षित होते. मी स्वतः बघितलं होतं."

"मग पट्टीला सांग तसं. ऐकते का बघ."

"तू तारीख चुकीची सांगितली असशील."

"आली की आली म्हणते मी. त्यात चुकायला काय आहे? मला काय दर महिन्याला पत्र येतं, उशिरा मिळालं म्हणायला?"

सासूबाईंनी लसणाची पाकळी ताटलीत टाकली. "माझ्या पोराचं गणित लहानपणापासून पक्कं आहे. शाळेत कधी एक मार्क गेला नाही त्याचा."

"आई, हे शाळेतलं गणित नाही."

"तेच म्हणते मी. गणित बरोबर असेल तर दुसरं काहीतरी चुकलं असेल. वर एकटीच असतेस ना दिवसभर? की शिडी चढून कुणी येतं सोबतीला?"

ती सासूकडे बघत नव्हती; ती नवऱ्याकडे बघत होती. त्याला बोलायला पुष्कळ वेळ होता. कपात चहा होता, हातात पट्टी होती, तोंडात जीभ होती.

"आई," तो म्हणाला, "सालं खाली पडतायत तुझी."

तिने पट्टी त्याच्या हातातून काढून घेतली. "मला हे मूल नको आहे," ती म्हणाली. "उद्या डॉक्टरकडे जातेय."

*

बरोबर आली ती नणंद. तपासनिसाची थोरली बहीण, पलीकडच्या गल्लीत तिचं चष्म्याचं दुकान होतं, वर तिचीच खोली. लग्न एकदा केलं होतं, पुन्हा त्या वाटेला गेली नव्हती. तिच्या जिभेला गल्लीतले सगळे भीत आणि चष्मा मात्र तिच्याकडूनच घेत.

"मी भावाच्या बाजूने आलेय असंच समज," दवाखान्याच्या पायऱ्या चढताना ती म्हणाली. "म्हणजे तुला माझे उपकार वाटायला नकोत."

डॉक्टर मध्यमवयीन बाई होत्या, घाईत असलेल्या. त्यांनी सगळं विचारून घेतलं. गोळ्या का नाहीत, तांबी का काढली, मग काय करत होतात. तिने कपाटाच्या दारावरच्या कागदाचं सांगितलं, लाल रेघांचं सांगितलं, फुल्यांचं सांगितलं. डॉक्टरांची घाई तिथे थांबली.

"सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत लांबलेली, दोन्ही वगळल्या?"

"हो."

"का?"

"ते डबे तपासतात. पहिला आणि शेवटचा धरत नाहीत."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "बाई, या पद्धतीत त्या दोनच लागतात. सगळ्यांत लहान पाळीवरून धोका कधी सुरू होतो ते काढायचं, सगळ्यांत लांबलेलीवरून तो कधी संपतो ते. मधल्यांना कुणी विचारत नाही. तुमच्या मिस्टरांनी कामाचे दोन आकडे फेकून दिले आणि बिनकामाचे सांभाळून ठेवले."

"जपून," नणंद म्हणाली. "दाराला चिकटवून."

"आणि तुमच्या पाळ्यांत एवढा फरक पडत असेल, तर ही पद्धत तुमच्यासाठी नाहीच. दोन्ही टोकं धरली तर मोकळे दिवस उरतात किती? चार-सहा. पाळ्या बदलून काम करणाऱ्या बाईला हे करायला कुणी सांगितलं?"

"घरचे तज्ज्ञ आहेत," नणंद म्हणाली.

डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, दिवस फार गेलेले नाहीत असं सांगितलं. गोळ्यांनी होईल. पण आज नाही. घरी जा, विचार करा, गुरुवारी या. सही तुमची एकटीची लागेल, दुसऱ्या कुणाची नाही. हे शेवटचं वाक्य त्यांनी नणंदेकडे बघून म्हटलं.

"माझ्याकडे काय बघता?" नणंद म्हणाली. "मी सोबत आलेय."

*

तपासनीस मूर्ख नव्हता. त्या संध्याकाळी तिने डॉक्टरांचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं, तेव्हा आधी तो "डॉक्टरला माझं काम काय कळतंय" म्हणाला, मग उठून कपाटाचं दार उघडून उभा राहिला. आपली चूक त्याला तिथेच कळली, आणि ती कळल्याचं त्याच्या मानेवरून तिलाही कळलं.

दार लावून तो वळला. "बरं. पद्धतीत चूक झाली. मान्य."

"काल सकाळी मी खोटारडी होते."

"ते रागात बोललो."

"आणि आई बोलल्या ते?"

"तिचं काय मनावर घेतेस! ती काहीही बोलते." तो खुर्ची ओढून बसला. "आता झालंय तर होऊ दे ना."

"का?"

"का म्हणजे? झालंय म्हणून."

"तुमच्याकडे चुकीचा भरलेला डबा तुम्ही विकता?"

"पोर म्हणजे डबा नाही."

"वर्षभर मी लाइन होते, तेव्हा हे सुचलं नाही तुला."

त्याने टेबलावर हात आपटला. आतल्या खोलीत मुलगी अभ्यास करत होती, तिचा वाचायचा आवाज बंद झाला. तो आवाज खाली आणून म्हणाला, "एका खुर्चीसाठी करणार हे? एका लोखंडी खुर्चीसाठी?"

"हो. सात वर्षं खाली उभी होते मी. पोट घेऊन ती शिडी चढता येत नाही. बाळंतपण होऊन मी परत येईन तोवर त्या खुर्चीत दुसरा म्हातारा होईल. आणि खुर्ची नसती तरी मला आत्ता मूल नकोच होतं. तुलाही नको होतं. आपलं ठरलं होतं."

"तेव्हा ठरलं होतं."

"मी अजून तिथेच आहे," ती म्हणाली. "तू कुठे गेलास ते तुला माहीत."

*

दुसऱ्या दिवशी तपासनिसाने नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदा अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

ती वर होती. खालून सळयांचा भारा उचलला होता आणि तो इमारतीच्या अर्ध्या उंचीपर्यंत आला होता. वॉकी-टॉकीवर फोरमनचा आवाज आला. "बाई, हुक मोकळा करा आणि खाली या."

"भारा हवेत आहे माझा."

"तो ठेवा आणि या."

"काय झालं?"

"या तुम्ही."

शिडी उतरायला वेळ लागतो. घाई केली तर हात सुटतो. ती उतरली तेव्हा भार बांधणारे काम सोडून बघत उभे होते. "घार बसली रे जमिनीवर," एकजण म्हणाला आणि दुसऱ्याने त्याला कोपर मारलं. पत्र्याच्या ऑफिसाशी फोरमन उभा होता. त्याच्या शेजारी पाहुण्यांना देतात ते पांढरं हेल्मेट घालून तिचा नवरा. हेल्मेट त्याला मोठं होत होतं.

फोरमन तिच्याकडे न बघता म्हणाला, "हे सांगतायत ते खरं आहे का?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने हेल्मेट सारखं केलं. "तुझ्याच भल्यासाठी सांगितलं. वर काही झालं तर? मला काळजी आहे."

"खरं आहे," ती फोरमनला म्हणाली.

"मग मला दुसरा इलाज नाही. दोन जिवांची बाई मी शिडीवर ठेवू शकत नाही. नियम आहे, आणि नियम नसता तरी मी ठेवली नसती."

"खुर्ची कुणाला देताय?"

"बदली चालकाला. दुसरं कोण आहे?"

"आणि मी?"

फोरमनने कानामागची पेन्सिल काढली, पुन्हा ठेवली. तो वाईट माणूस नव्हता, पण त्याला वेळेत इमारत उभी करायची होती. "वरचा स्लॅब टाकायच्या आत डॉक्टरचा दाखला घेऊन शिडीपाशी उभ्या राहिलात, तर खुर्ची तुमची. स्लॅब त्याच्या हातून झाला, तर त्याची. याच्यापुढे माझ्या हातात काही नाही. आणि बाई, मी कुणाला काही करा म्हणून सांगत नाहीये, हेही ध्यानात घ्या."

फाटकाकडे जाताना नवरा तिच्या बरोबरीने चालू लागला. त्याचा आवाज मऊ झाला होता, काम फत्ते झाल्यासारखा. "आता खुर्चीच नाही म्हटल्यावर भांडण कशाचं राहिलं? चल घरी. आईला सांगू, ती पण जरा निवळेल."

ती थांबली. "हेल्मेट परत दे," ती म्हणाली. "ते साइटचं आहे."

*

गुरुवारी सकाळी सासूबाई दारात खुर्ची टाकून बसल्या.

"या दारातून गेलीस तर विचार करून जा."

"आई, या घराला दुसरं दार नाहीये. पाय घ्या जरा."

"माझ्या मुलाला न विचारता?"

"त्याने मला न विचारता फोरमनला गाठलं ना? तसंच मीही डॉक्टरला गाठते."

"अशी बाई मी जन्मात पाहिली नाही."

"बघून घ्या मग," ती म्हणाली आणि खुर्ची सासूसकट थोडी बाजूला सरकवून बाहेर पडली. सासूबाईंनी त्याबद्दल पुढे सगळ्या इमारतीला सांगितलं. कुणाला खुर्ची ढकलली असं, कुणाला खुर्चीवरून पाडलं असं.

दवाखान्यात सही करून गोळ्या घेतल्यानंतरचे दिवस तिने नणंदेच्या खोलीवर काढले. पोटात मुरडा येऊन जायचा, अंगावरून जायचं, अंग तापायचं. डॉक्टरांनी असं होईल म्हणून आधीच सांगितलं होतं. मुलगी शाळेतून थेट तिकडे यायची आणि खाली दुकानात बिनभिंगाच्या फ्रेमा घालून आरशात तोंडं करायची. आईला बरं नाही एवढंच तिला सांगितलं होतं.

तपासनिसाचा फोन यायचा. उचलायची नणंद.

"झोपलीय ती. ... नाही, तुझ्यासाठी नाही उठणार. ... रागावलीय का म्हणून काय विचारतोस? तुझ्या लाल रेघेच्या बाहेर गेलीय म्हण." फोन ठेवून ती खाटेच्या कडेला बसली. "भाऊ माझा आहे म्हणून सांगते. लहानपणी पट मांडून खेळायला बसलो की हरायला लागला रे लागला, की हा पटच उधळायचा. वर म्हणायचा, वाऱ्याने उडाला."

"तुम्ही काय करायचात?"

"मी रडायचे. तू ते करू नकोस, काही उपयोग नसतो."

"तुम्ही कुणाच्या बाजूने आहात, ताई?"

"मी माझ्या खोलीत आहे," नणंद म्हणाली. "पाणी पी."

डॉक्टरांनी पुन्हा तपासलं, सगळं साफ झाल्याची खात्री केली, रक्त बघितलं आणि दाखला लिहून दिला: उंचीवर चढून काम करायला हरकत नाही.

*

ती घरी परतली तेव्हा जेवणं आटोपली होती. सासूबाई तिला बघून आत गेल्या. तपासनीस टेबलापाशी होता आणि त्याच्यासमोर नवा कागद होता. तो तिची वाटच बघत असावा. तब्येत कशी आहे ते त्याने विचारलं, तिने "बरी आहे" म्हटलं, आणि मग त्याने कागद तिच्याकडे वळवला.

"हे बघ. सगळे धरलेत या वेळी. दोन्ही टोकं. डॉक्टर म्हणाल्या तसंच, एकही रद्द नाही."

ती उभीच राहिली.

"कारखान्यात असंच असतं," तो म्हणाला. "चूक सापडली, कारण सापडलं, दुरुस्ती केली, विषय बंद. उगाच कुणी कुणाचं तोंड बघत बसत नाही."

"तू साइटवर गेलास, ते कोणत्या रकान्यात लिहिलंस?"

"त्याचा याच्याशी काय संबंध?"

"उरले किती दिवस?"

त्याने कागदाकडे पाहिलं. "फार नाहीत." मग, जणू तिला सवलत देत असल्यासारखा, "पण आहेत."

"तेही राहू देत तुझ्याकडेच." तिने आत जाऊन आपली उशी उचलली आणि मुलीच्या खोलीत नेली. तपासनीस तिच्यामागे दारापर्यंत आला. "किती दिवस चालणार हे? काहीतरी सांग. मला कळायला नको?"

तिने दार लावून घेतलं. सांगण्यासारखा आकडा तिच्याकडे नव्हता, आणि असता तरी तो तिने दिला नसता.

*

वरच्या स्लॅबची तयारी चालू होती. सळया बांधून झाल्या होत्या, फळ्या लागल्या होत्या, दुसऱ्या दिवशी सकाळपासून काँक्रीट चढवायचं होतं. ती पत्र्याच्या ऑफिसात गेली आणि तिने दाखला फोरमनसमोर ठेवला. त्याने तो दोनदा वाचला, शिक्का पाहिला.

"ठीक वाटतंय ना तुम्हाला?"

"लिहिलंय त्यात."

"ते डॉक्टरचं झालं. मी तुम्हाला विचारतोय."

"चढते मी," ती म्हणाली. "आणखी काय पाहिजे?"

फोरमनने तिच्या नावाचा फॉर्म काढला. "मध्ये उतरवलं होतं म्हणून नव्याने भरावा लागतो. पत्ता तोच? ... अडीअडचणीला कळवायचं कुणाला? नवऱ्याचा नंबर आहे जुन्यावर. तोच घालू?"

"नको. दुसरा घ्या." तिने नंबर सांगितला.

"नातं काय लिहू?"

"नणंद."

फोरमनची पेन्सिल थांबली. "नवरा असताना नणंद? वरचे साहेब विचारतील मला."

"सांगा त्यांना. नवऱ्याला कळवलं की तो सगळ्यांना कळवतो."

बाहेर भार बांधणारे भिंतीला टेकून चहा पीत होते. त्यांनी ऐकलं. फोरमनने नणंद असं लिहिलं आणि फॉर्म फाइलमध्ये घातला.

तिने हातमोजे चढवले, पट्टा अडकवला आणि शिडी धरली. अर्ध्यावर दम लागला. इतक्या दिवसांत अंगात थोडी कसर राहिली होती. कठड्याला टेकून ती क्षणभर थांबली. ती केबिनखाली पोचली, तेव्हा वर बदली चालक खुर्चीत रेलून बसला होता आणि काचेतून खाली तिच्याकडे बघत होता. उठायचं त्याच्या मनात दिसत नव्हतं.

"ऊठ," ती तिथूनच ओरडली. "आणि खुर्ची पुढे घेऊन ठेव. तुझे पाय लांब आहेत."